मेथडवर कर्सर ठेवला की उघडणारी चौकट

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकायला नुकतीच सुरुवात केलेल्यांच्या हातून एक चूक हमखास होते. यादीतले आकडे क्रमाने लावायचे असतात. यादीवर सॉर्ट ही मेथड, म्हणजे त्या वस्तूकडून काम करून घेणारी आज्ञा, चालवायची आणि येईल ते उत्तर पुन्हा त्याच नावात ठेवायचं, हे साहजिक वाटतं. पुढच्या ओळीत यादी छापायला जावं तर पडद्यावर एकच शब्द येतो: नन. म्हणजे काहीच नाही. आकडे गेले कुठे हे शोधायला मग ब्राउझर उघडतो, चार टॅब होतात, आणि त्यातली काही उत्तरं पायथनच्या जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेली निघतात.

खरं तर उत्तर त्या वेळी समोरच असतं. एडिटरमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, सॉर्ट या शब्दावर माउस क्षणभर थांबवला की एक छोटी चौकट उघडते. तिचं पहिलंच वाक्य सांगतं की ही मेथड यादी चढत्या क्रमाने लावते आणि नन परत देते. पुढच्या वाक्यात असतं की हे काम जागच्या जागी होतं, म्हणजे मूळ यादीच बदलते. दोन वाक्यं वाचली असती तर अर्धा तास वाचला असता.

नव्याने कामाला लागलेल्यांसोबत बसून कोड वाचणं हा माझ्या कामाचा भाग आहे. ही चौकट त्यांच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी पाहिलेली असते, पण मध्येच आडवी येणारी वस्तू म्हणून. ती उघडते, खालचा कोड झाकते, माउस हलवला की जाते. ती थांबून वाचायची असते, तिच्यातल्या खुणांना अर्थ असतो, आणि ती रिकामी आली तर त्यालाही कारण असतं, हे कुणी बसून सांगितलेलं नसतं. म्हणून हा लेख. उदाहरणं मुख्यतः पायथन आणि व्हीएस कोड या एडिटरची घेतली आहेत, पण जावा, जावास्क्रिप्ट, गो किंवा रस्ट लिहिणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

अर्धी चौकट यंत्राची, अर्धी माणसाची

चौकट नीट पाहिली तर तिचे दोन भाग दिसतात. वर एक रंगीत ओळ असते: मेथडचं नाव, कंसात पॅरामीटर (मेथडला पुरवायच्या किमती), प्रत्येकाचा प्रकार, आणि शेवटी बाणापुढे परत मिळणाऱ्या वस्तूचा प्रकार. हिला सिग्नेचर म्हणतात. खाली साधा मजकूर असतो. वरची ओळ एडिटरने कोड वाचून स्वतः तयार केलेली असते. खालचा मजकूर मात्र ती मेथड लिहिणाऱ्या माणसाने हाताने लिहिलेला असतो. या दोघांत फरक करता येणं फार महत्त्वाचं आहे.

एक उदाहरण घेऊ. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८पासून, फंक्शनला आणि पॅरामीटरला देवनागरी नावं देता येतात. समजा, कुणीतरी 'व्याज_काढ' नावाचं फंक्शन लिहिलं आहे आणि ते मुद्दल, दर, महिने अशा तीन गोष्टी मागतं. सिग्नेचर सांगेल की मुद्दल हा दशांश आकडा, दर हा दशांश आकडा, महिने हा पूर्णांक, आणि उत्तरही दशांश आकडा. सगळं बरोबर. आता एक लाख रुपयांवर साडेआठ टक्क्यांनी १२ महिन्यांचं सरळव्याज काढायचं आहे. दराच्या जागी काय लिहायचं, ८.५ की ०.०८५?

सिग्नेचरकडे याचं उत्तर नाही. दोन्ही दशांश आकडेच आहेत, दोन्ही चालतील, एडिटर कुठेही लाल रेघ ओढणार नाही. फंक्शनला टक्के अपेक्षित असतील आणि तुम्ही ०.०८५ दिलंत, तर व्याज ८,५०० रुपयांऐवजी किती येईल, हे डोक्यात करून पाहा: एक लाख गुणिले ०.०८५ भागिले शंभर, म्हणजे ८५ रुपये. उलट फंक्शनला अपूर्णांक अपेक्षित असेल आणि तुम्ही ८.५ दिलंत, तर व्याज ८,५०,००० रुपये. प्रोग्रॅम बंद पडणार नाही, तक्रार करणार नाही, चुकीचा आकडा शांतपणे पुढे पाठवेल. अशा एका दरापायी माझा पूर्ण दिवस गेला आहे, आणि तो आकडा जिथून येत होता त्या फंक्शनवर एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती.

प्रकार सांगतो वस्तूचा आकार. तिचा अर्थ, तिचं एकक, तिची मर्यादा हे शब्दांतच सांगावं लागतं. 'दर वार्षिक, टक्क्यांत. साडेआठ टक्क्यांसाठी ८.५ द्या' एवढी एक ओळ चौकटीच्या खालच्या भागात असती, तर प्रश्नच उद्भवला नसता. म्हणून चौकट वाचताना माझा क्रम ठरलेला आहे. आधी परत काय मिळतं ते. मग एककं: सेकंद की मिलिसेकंद, टक्के की अपूर्णांक, शेवटचा आकडा धरून की सोडून. मग चूक झाली तर काय होतं, म्हणजे अपवाद फेकला जातो (चूक जाहीर करून प्रोग्रॅम थांबतो) की नुसतं रिकामं उत्तर येतं. बाकीचं निवांतपणे.

सिग्नेचरमधल्या काही खुणा मात्र मुद्दाम शिकून घ्याव्या लागतात. सॉर्टेड या फंक्शनवर कर्सर ठेवला तर कंसात पॅरामीटरच्या मध्येच एक तिरकी रेघ आणि एक चांदणी दिसते. ही छपाईची चूक नाही. तिरक्या रेघेच्या आधीचे पॅरामीटर फक्त क्रमाने द्यायचे, नाव घेऊन देता येत नाहीत. चांदणीनंतरचे नाव घेऊनच द्यायचे. म्हणजे उतरता क्रम हवा असेल तर 'रिव्हर्स' हे नाव लिहून बरोबरचं चिन्ह द्यावंच लागतं, नुसतं 'ट्रू' लिहून भागत नाही. एखाद्या पॅरामीटरपुढे बरोबरचं चिन्ह आणि किंमत आधीच दिसत असेल, तर तो नाही दिला तरी चालतो, तीच किंमत धरली जाते. आणि सुचवण्यांच्या यादीत किंवा कोडमध्ये एखाद्या मेथडच्या नावावर आडवी रेघ मारलेली दिसली, तर लेखकानेच ती निवृत्त केली आहे. तिच्या चौकटीत पर्याय कोणता वापरायचा हे बहुधा लिहिलेलं असतं.

माउस न हलवता

चौकट माउसनेच उघडावी लागते असा समज आहे. व्हीएस कोडमध्ये कर्सर नावावर असताना कंट्रोल धरून आधी के आणि मग आय दाबलं की तीच चौकट उघडते. ती उघडी असताना हेच पुन्हा केलं की ताबा चौकटीत जातो आणि बाणाच्या कळांनी आतला लांबलचक मजकूर खाली सरकवता येतो. एस्केप दाबलं की बंद. माउस वापरत असाल तर तो चौकटीच्या आत नेता येतो. ती पळून जात नाही.

मेथड लिहीत असतानाची चौकट वेगळी असते. कंस उघडला की ती आपोआप येते आणि ज्या पॅरामीटरवर तुम्ही आहात तो ठळक करून दाखवते. स्वल्पविराम दिला की ठळकपणा पुढच्यावर सरकतो. ती निघून गेली तर कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेसबार एकत्र दाबून परत बोलावता येते. सहा-सात पॅरामीटर असलेल्या मेथडसाठी याच्याइतकी उपयोगी गोष्ट नाही. मॅकवर या दोन्ही ठिकाणी कंट्रोलऐवजी कमांड.

इंटेलिजे किंवा पायचार्म वापरणाऱ्यांना विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल-क्यू, मॅकवर एफ-१. ज्युपिटर नोटबुकमध्ये शिफ्ट-टॅब, किंवा नावापुढे प्रश्नचिन्ह टाकून ती ओळ चालवायची. दोन प्रश्नचिन्हं टाकली तर मेथडचा मूळ कोडही दिसतो. विम या एडिटरमध्ये मोठा के.

पडदा ऐकून काम करणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी व्हीएस कोडमध्ये आल्ट-एफ-२ आहे. चौकटीतला मजकूर त्याने वेगळ्या साध्या खिडकीत येतो आणि ओळीओळीने ऐकता येतो. दृष्टिहीन सहकारी असलेल्या प्रत्येक टीमला हे माहीत असायला हवं.

मजकूर येतो कुठून

कल्पना जुनी आहे. ईमॅक्स हा एडिटर १९७०च्या दशकातला, आणि तो स्वतःचं वर्णन 'स्वतःची माहिती स्वतः देणारा' असंच करत आला आहे: त्यातल्या कुठल्याही फंक्शनबद्दल विचारलं तर फंक्शनसोबतच ठेवलेला मजकूर तो दाखवतो. लिस्प भाषेतली ही पद्धत पायथनने उचलली. फंक्शनच्या आत, अगदी पहिल्या ओळीवर, तीन-तीन अवतरणचिन्हांत मजकूर लिहायचा. याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. २००१मध्ये तिच्या लेखनाचे संकेत ठरवणारा दस्तऐवज डेव्हिड गुडजर आणि पायथनचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी लिहिला. पहिली ओळ एका वाक्यात पूर्ण करावी, मग एक ओळ मोकळी सोडावी, मग तपशील, हा संकेत तिथला.

डॉकस्ट्रिंग ही कमेंट नाही. पायथन साधी कमेंट वाचतो आणि टाकून देतो. डॉकस्ट्रिंग मात्र फंक्शनला चिकटून राहते, प्रोग्रॅम चालू असतानाही. म्हणून एडिटर नसला, नुसती टर्मिनलची काळी खिडकी असली, तरी 'हेल्प' या फंक्शनला विचारून तोच मजकूर वाचता येतो. जावाचं वेगळं आहे. तिथे मेथडच्या डोक्यावर तिरकी रेघ आणि दोन चांदण्यांनी सुरू होणारी खास कमेंट लिहितात, तिला जावाडॉक म्हणतात. कंपाइल करताना, म्हणजे कोडचं यंत्राला चालेल असं रूप बनवताना, ती गळून पडते. तयार लायब्ररीत, म्हणजे इतरांना वापरायला दिलेल्या कोडच्या संचात, तिचा मागमूस राहत नाही. हा फरक पुढे रिकाम्या चौकटीचं कोडं सोडवताना उपयोगी पडतो.

आता मजकूर तिथे आहे, पण एडिटरला तो सापडतो कसा? एडिटरला स्वतःला पायथन येत नाही, जावाही येत नाही. पूर्वी प्रत्येक एडिटरला प्रत्येक भाषा वेगळी शिकवावी लागे. दहा एडिटर आणि वीस भाषा म्हटल्या तर दोनशे जोड्या. २०१६च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेनव्ही यांच्यासोबत एक सामायिक बोली जाहीर केली: लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल. भाषा जाणणारा एक वेगळा प्रोग्रॅम मागे चालत राहतो, त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणायचं, आणि कुठल्याही एडिटरने त्याच्याशी या एकाच बोलीत बोलायचं. दोनशे जोड्यांच्या जागी दहा आणि वीस मिळून तीस तुकडे पुरतात. छोट्या एडिटरांना आणि नव्या भाषांना यामुळे जो आधार मिळाला, तो मला या क्षेत्रातल्या फार चांगल्या कामांपैकी एक वाटतो.

तुम्ही माउस थांबवता. व्हीएस कोड नेहमीच्या सेटिंगमध्ये ३०० मिलिसेकंद वाट पाहतो, म्हणजे सहज जाता-जाता चौकटी उघडत बसू नयेत. मग तो सर्व्हरला विचारतो: या फाइलमध्ये, अमुक ओळीवर, तमुक स्थानी काय आहे? सर्व्हर त्या जागी कोणतं नाव आहे ते पाहतो, ते नाव कुठून आलं याचा माग काढतो, डावीकडच्या वस्तूचा प्रकार ठरवतो, त्या प्रकाराच्या व्याख्येपर्यंत जातो, तिथली सिग्नेचर आणि मजकूर उचलतो आणि परत पाठवतो. एडिटर फक्त चौकट रंगवतो.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी यात एक गंमतशीर तपशील आहे. हे 'तमुक स्थान' मूळ नियमाप्रमाणे यूटीएफ-१६ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीच्या तुकड्यांत मोजलं जातं. 'क्षेत्रफळ' हा शब्द आपण चार अक्षरांचा म्हणू. संगणक त्यातला प्रत्येक हलन्त आणि प्रत्येक मात्रा वेगळी मोजतो, त्यामुळे तो नऊ तुकड्यांचा भरतो. एडिटर आणि सर्व्हर दोघांनी एकाच मापाने मोजलं तरच चौकट योग्य शब्दावर उघडते. या बोलीच्या २०२२मध्ये आलेल्या ३.१७ या आवृत्तीपासून कोणतं माप वापरायचं हे दोघांना सुरुवातीलाच आपसांत ठरवता येतं.

चौकट रिकामी का येते

लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात आणि दोष एडिटरला देतात. बहुतेक वेळा माग काढण्याच्या साखळीतली एक कडी तुटलेली असते.

पायथनमध्ये पहिला संशय इंटरप्रिटरवर, म्हणजे कोड चालवणाऱ्या पायथनच्या प्रतीवर, घ्यावा. लायब्ररी एका व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये, बसवलेली असते आणि एडिटर दुसऱ्याच पायथनकडे बघत असतो. प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये व्यवस्थित चालतो, पण एडिटरमध्ये आयात केलेल्या नावाखाली पिवळी नागमोडी रेघ असते आणि चौकटीत काही नसतं. व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात पायथनची आवृत्ती दिसते, तिच्यावर क्लिक करून योग्य इंटरप्रिटर निवडला की सगळं जिवंत होतं.

दुसरं कारण प्रकार न कळण्याचं. तुमच्या फंक्शनला 'ग्राहक' नावाची वस्तू मिळते, पण ती कोणत्या वर्गाची हे कुठेच लिहिलेलं नाही. मग ग्राहकापुढे टिंब देऊन लिहिलेल्या मेथडबद्दल सर्व्हर काय सांगणार? तिच्या नावाच्या मेथड दहा वर्गांत असू शकतात. पॅरामीटरपुढे विसर्गासारखं चिन्ह देऊन वर्गाचं नाव लिहिलं, म्हणजे टाइप हिंट दिली, की चौकट भरते. हिंट लिहिण्याचं हे सगळ्यात रोखठोक बक्षीस आहे.

जावामध्ये मघाचा फरक आडवा येतो. लायब्ररीची कंपाइल केलेली फाइल असते, कमेंट गळून गेलेल्या असतात, आणि कधी कधी पॅरामीटरची खरी नावंही जाऊन त्यांच्या जागी आर्ग-शून्य, आर्ग-एक असं काहीतरी दिसतं. त्या लायब्ररीची सोर्स फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. इंटेलिजेमध्ये मेथडच्या व्याख्येत शिरलं की सोर्स उतरवण्याचं बटण वरतीच दिसतं.

आणि मग लेखकाच्या हातच्या बारीक चुका. जावात एक चांदणी कमी पडली की ती साधी कमेंट होते, जावाडॉक राहत नाही. पायथनमध्ये मजकुराआधी एखादी कोडची ओळ आली की ती डॉकस्ट्रिंग उरत नाही. गो भाषेत कमेंट आणि फंक्शन यांच्यामध्ये एक रिकामी ओळ सुटली तर नातं तुटतं. मजकूर फाइलमध्ये डोळ्यांना दिसतो, चौकटीत मात्र पोचत नाही.

जिथे चौकट पुरत नाही

पायथनमध्ये राउंड या फंक्शनला २.५ द्या. उत्तर ३ नाही, २ येतं. ३.५ दिलं तर ४. मध्यावरचा आकडा जवळच्या सम आकड्याकडे नेण्याची ही पद्धत हिशेबाच्या जगात जुनी आहे, पण शाळेत आपण जे शिकलो त्याहून वेगळी. राउंडच्या चौकटीत याचा उल्लेख नाही. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या सविस्तर माहितीत तो आहे. म्हणजे चौकट हा सारांश आहे. पैशांचा, तारखांचा, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथे मी चौकटीवर थांबत नाही. एफ-१२ दाबून व्याख्येत जायचं, किंवा आल्ट-एफ-१२ दाबून आहे त्याच जागी ती डोकावून पाहायची, नाहीतर अधिकृत पानं उघडायची.

दुसरी मर्यादा शिळेपणाची. सिग्नेचर दर वेळी कोडमधून ताजी बनते. मजकूर लिहिला त्या दिवशीचा असतो. कोड बदलला आणि मजकूर तसाच राहिला तर चौकट तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगेल. दोन्ही भागांत विसंगती दिसली, उदाहरणार्थ मजकुरात तीन पॅरामीटरचं वर्णन आणि सिग्नेचरमध्ये चार, तर मजकूर शिळा आहे असं समजून थेट कोड वाचावा. रस्ट भाषेने यावर चांगला उपाय केला आहे: मजकुरात लिहिलेली उदाहरणं चाचण्यांसोबत खरोखर चालवली जातात, त्यामुळे उदाहरण शिळं झालं की चाचणी पडते. पायथनमध्येही डॉकटेस्ट नावाने हीच सोय आहे, ती फार कमी लोक वापरतात.

हल्ली कोडच्या ओळी एआयकडून सुचवल्या जातात, तेव्हा या चौकटीला आणखी एक काम मिळालं आहे. सुचवलेली मेथड ओळखीची नसेल तर तिच्यावर कर्सर ठेवायचा. बाकी सगळ्या नावांच्या चौकटी उघडत असताना हिचीच उघडत नसेल, तर ती मेथड तुमच्याकडच्या आवृत्तीत नसण्याची शक्यता मोठी आहे.

आपल्या फंक्शनसाठी

शेवटी त्या व्याजाच्या फंक्शनकडे येऊ, कारण ते कुणीतरी लिहिलं तसंच आपणही रोज काहीतरी लिहितो. डॉकस्ट्रिंग मराठीत लिहायला कसलीही तांत्रिक अडचण नाही. पायथनची फाइल यूटीएफ-८मध्ये धरली जाते आणि चौकटीत देवनागरी जशीच्या तशी उमटते. सगळी टीम मराठी वाचणारी असेल, किंवा शाळेतल्या मुलांना शिकवण्यासाठी कोड लिहीत असाल, तर जरूर मराठीत लिहावं. 'सरळव्याज काढून रुपयांत परत देते' ही पहिली ओळ. मग मोकळी ओळ. मग 'दर वार्षिक, टक्क्यांत. साडेआठ टक्क्यांसाठी ८.५', 'महिने शून्य चालतो, उणे आकडा दिल्यास व्हॅल्यू-एरर'. 'मुद्दल म्हणजे मुद्दल' अशी ओळ लिहू नये, नाव ते सांगतंच आहे.

लिहून झालं की दुसरी फाइल उघडा, फंक्शन आयात करा, नाव लिहून कंस उघडा आणि हात थांबवा. आतला कोड आठवायचा नाही, फक्त चौकट वाचायची. दराच्या जागी काय लिहायचं हे तेवढ्यावरून कळत नसेल, तर परत जाऊन ती ओळ बदला.